कड्यातून पळणारी ज्योत

दुपारच्या सुट्टीत दुर्बिणीच्या कारखान्यातल्या जेवणघरात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबले भिंतीला सरकवलेली, पडदे ओढलेले, आणि खोलीच्या टोकाला उंच तिवईवर एक मेणबत्ती. मेणबत्तीच्या बरोबर मागे, ज्योत थेट नाकासमोर येईल अशा बेताने, कडेबाबा बसले होते.

"ये बेटा, पुढे ये. कडं दोन्ही हातांनी धर. हात ताठ. दोन्ही डोळे उघडे ठेव आणि ज्योतीला कड्यात पकड."

भिंगे घासणारा म्हातारा चार पावलांवर उभा राहिला आणि त्याने ते बांगडीएवढे तांब्याचे कडे लांब धरले.

"आता डावा डोळा मीट. थांब, बोलू नकोस! मीच सांगतो. ज्योत कड्यातच आहे. निर्मळ मन आहे तुझं."

"आहे की! जिथल्या तिथं आहे!" म्हातारा आनंदाने थरथरला. टाळ्या पडल्या.

मग लेथवाला आला. त्याने डावा डोळा मिटताच बाबांनी कपाळावर हात मारला. "पळाली रे, पळाली तुझी ज्योत!"

"आईशप्पथ! कड्याच्या बाहेर गेली!" लेथवाल्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"जाणारच. निर्मळ नजरेपुढे ज्योत उभी राहते, मत्सरी नजरेपासून पळते. तुझ्या डोळ्यात आधीच जाळ पेटलाय, तिथं या बिचारीनं बसायचं कुठं?"

माणसे थक्क झाली. ज्योत पळाली हे नवल होतेच, पण माणसाने तोंड उघडायच्या आत बाबांना ते कळत होते, हे त्याहून मोठे नवल.

बाबांना मालकांनी बोलावले होते. गेल्या काही महिन्यांत बऱ्याच दुर्बिणी अंधूक दिसतात म्हणून परत आल्या होत्या. त्यातच शेवटची तपासणी करणारे काका निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी पडली. कारखान्यात तिला 'शेवटची खुर्ची' म्हणत. तिथे बसणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय एकही दुर्बीण बाहेर जात नसे. "मालाला कोणाची तरी दृष्ट लागलीय," असे मालकांच्या मनाने घेतले होते. खुर्चीवर बसेल ती नजर शुद्ध हवी.

त्या खुर्चीच्या शर्यतीत दोघी होत्या, आणि त्या सख्ख्या बहिणी होत्या. थोरली अकरा वर्षे दुर्बिणी जोडत होती. धाकटी आली दोन वर्षांपूर्वी, आणि येताच "काय नजर आहे पोरीची!" असे जो तो म्हणू लागला. हे ऐकून ऐकून थोरलीचे कान किटले होते. घरीही तेच. दाराची कडी वाजली की आई आतून विचारायची, "धाकटी आली का?" 'कोण आलं?' असे नाही. थोरली दारात उभी असली तरी नाही.

धाकटी डावखुरी होती. पापाची सावली डावीकडे पडते असे बाबा म्हणाले, तेव्हा थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता बघू हिची ज्योत कशी टिकते!

धाकटीने डावा डोळा मिटला. ज्योत टिकली.

थोरलीने मिटला. ज्योत टुणकन कड्याबाहेर गेली.

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. "मत्सर आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि लांबचा नाही. घरातलाच आहे."

थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. बाबा खोटे बोलले असते तर तिने तोंडावर सुनावले असते. पण जे तिने आरशालाही सांगितले नव्हते, ते या माणसाने भर सभेत सांगितले होते. त्याआधी बाबा अर्धा तास मालकांच्या खोलीत चहा पीत बसले होते, आणि खुर्चीसाठी दोन बहिणींत चुरस आहे हे कारखान्याच्या मांजरालासुद्धा ठाऊक होते, हे तिला तेव्हा सुचले नाही.

एकवीस माणसांत सात जण मत्सरी निघाले. त्यांना उपाय सांगितला: एकवीस दिवस कामाच्या वेळी डाव्या डोळ्यावर काळी पट्टी. "डोळ्याचं मौन," बाबा म्हणाले. आठवा पॅकिंगवाला. त्याची ज्योत धड आत नाही, धड बाहेर नाही. बाबांनी क्षणभर विचार केला आणि त्याला अर्धा मत्सरी ठरवून दिवसाआड पट्टी दिली. खुर्चीवर तात्पुरती धाकटी बसली. एकवीस दिवसांनी मालक नेमणूक कायम करणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली पट्टी बांधून कामाला बसली. पहिली दुर्बीण जोडून झाली. अकरा वर्षांच्या सवयीने तिने ती उचलली आणि खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे रोखली.

टक्!

दुर्बीण पट्टीवर आपटली होती. ती स्वतःशीच चरफडली आणि दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली. दुसरी दुर्बीण, पुन्हा टक्! हात तिला न विचारता डाव्या डोळ्याकडेच जात होता. तिसऱ्या वेळी टक् झाले, पण ते तिचे नव्हते. शेजारच्या बाकावर लेथवाला दुर्बीण हातात घेऊन कपाळ चोळत होता. या कारखान्यात दुर्बीण हाती आली की जो तो ती एकदा डोळ्याला लावून बघतच असे.

थोरलीने हातातले काम खाली ठेवले. दिवसभर ती एका डोळ्याने बाकीच्यांकडे बघत राहिली आणि जेवणाच्या सुट्टीत पाठकोऱ्या कागदावर टिपत गेली. पट्टीवाले सातही जण दुर्बीण डाव्या डोळ्याला लावायला जात होते. ज्यांचे मन निर्मळ ठरले होते, ते सगळे उजव्या. पॅकिंगवाला कधी या डोळ्याला, कधी त्या.

'मत्सरी माणसं दुर्बीण डाव्या डोळ्याला लावतात?' तिने कागदाखाली लिहिले. मग 'मत्सरी' शब्दावर काट मारली आणि वाक्य पुन्हा वाचून पाहिले. आता ते बरे वाटत होते.

संध्याकाळी घरी तिने चिकटपट्टीचे रिकामे रीळ घेतले, हात लांब करून त्यातून दाराची मूठ पकडली आणि डावा डोळा मिटला. मूठ रिळाबाहेर गेली. उजवा मिटला, तर मूठ जागेवर. म्हणजे ना ज्योत लागते, ना तांबे, ना बाबा. दाराची मूठही तिच्या मत्सराला घाबरते म्हणायची!

"आई, जरा इकडे ये. यातून बघ."

आईने पाहिले, सांगितल्याप्रमाणे डावा डोळा मिटला. "अगंबाई, मूठ गेली कुठं?"

"आई, तू कधी कुणाचा हेवा केलास?"

"केला ना. तुझ्या मावशीच्या केसांचा. पण त्याला झाली चाळीस वर्षं. आता तिला टक्कल पडत आलंय. मूठ अजून रागावली आहे का?"

थोरली कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. पण हसू फार टिकले नाही. कोडे तर सुटले होते, पण बोलायचे कसे? "खुर्ची गेली म्हणून जळते, म्हणून बाबांवर उलटली," असे जो तो म्हणेल. आणि लोक म्हणतील ते पुरते खोटेही नव्हते. धाकटीची खुर्ची डळमळली तर तिला हवेच होते. हे तिने स्वतःशी कबूल केले. मग तिने अशी समजूत घातली की हेतू काळा असला म्हणून प्रयोग चुकत नाही. रीळ कोणाच्याही हातात दिले तरी मूठ तशीच हलते.

एकविसाव्या दिवशी बाबा आले. पुन्हा पडदे, पुन्हा मेणबत्ती. लेथवाल्याची पट्टी सोडली.

"एकवीस दिवस मौन पाळून डोळा शुद्ध झाला. आता या धुतलेल्या डोळ्याला एकट्याला बघू दे. उजवा मीट!"

"आहे! कड्यात आहे!" लेथवाला नाचायचाच बाकी होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर थोरलीची पाळी आली. तिने कडे धरले, पण डोळा मिटला नाही.

"बाबा, त्या दिवशी डावा मिटायला लावलात. आज उजवा का?"

"धुतलेला डोळा कोणता, बेटा? डावा. मग बघणार कोण?"

"बरं. पण मन तर आता निर्मळ झालंय ना? मग कुठलाही मिटला तरी ज्योत टिकायला हवी." तिने डावा डोळा मिटला. "पळाली. त्या दिवशीसारखीच."

खोलीत कुजबुज सुरू झाली. बाबा हसले. "ऐकलंत? हा मत्सर बोलतोय. बहिणीला खुर्ची मिळाली ना!"

"हो बाबा, जळते मी तिच्यावर," थोरली म्हणाली. "दोन वर्षं जळतेय. पण ते माझ्या मनाला माहीत आहे, माझ्या डाव्या डोळ्याला नाही. आता ज्यांची नजर शुद्ध ठरली त्यांच्यापैकी कुणीतरी यावं आणि उजवा डोळा मिटावा."

कोणी हलेना. मग शेवटच्या खुर्चीवर बसणारी धाकटीच पुढे आली. धाकटीने नुसते 'ज्योत आहे' म्हटले असते तरी खेळ खलास होता. खुर्ची तिची, बाबा तिचे, खोटे पकडणार कोण?

धाकटीने कडे धरले आणि उजवा डोळा मिटला.

"पळाली, ताई," ती म्हणाली. "माझीही पळाली."

"आणि आम्ही बोलायच्या आत बाबांना कळतं, ते कसं?" पॅकिंगवाल्याने विचारले. अर्धा मत्सर त्याला फार झोंबला होता.

"मालक, जरा बाबांच्या जागी बसा," थोरली म्हणाली. मालक नाइलाजाने बसले. तिने दोन्ही डोळे उघडे ठेवून ज्योत कड्यात पकडली. "कड्यात काय दिसतं?"

मालक पुढे वाकले. "डोळा दिसतो. तुझा डावा डोळा!" मग धाकटी उभी राहिली. "हिचा उजवा!"

"अभिनंदन, मालक. तुम्हालाही सिद्धी मिळाली."

हशा इतका मोठा झाला की मेणबत्ती विझली. कोणीतरी पडदे उघडले. उजेडात पाहतात तो बाबा पिशवी आवरत होते. त्यांना एकाएकी दुसऱ्या गावचे बोलावणे आठवले होते. गडबडीत कडे मात्र मागे राहिले.

मग थोरलीने सगळ्यांना समजावून सांगितले. दोन डोळ्यांत अडीच इंचांचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग थोडे वेगळ्या जागेवरून दिसते. नेम धरताना मेंदू त्यातल्या एकाच डोळ्याचे ऐकतो. तो डोळा मिटला की दुसऱ्याला वस्तू बाजूला सरकलेली दिसते. बहुतेकांचा हा डोळा उजवा असतो, दहातल्या साधारण तिघांचा डावा, आणि एखाद्याचे दोन्ही जवळजवळ सारखे. हात उजवा म्हणून डोळा उजवा असतोच असे नाही. ती स्वतः हाताने उजवी, डोळ्याने डावी. धाकटी बरोबर उलटी.

"म्हणून तर मला बरं पडतं," थोरली म्हणाली. "डाव्या डोळ्यानं दुर्बिणीत बघते आणि उजव्या हातानं वहीत लिहिते. मान वळवावी लागत नाही."

"मीही तेच करते, ताई," धाकटी म्हणाली. "फक्त वही डावीकडे."

मालक ओशाळले. परत आलेल्या दुर्बिणींपैकी वीस काढून त्यांनी त्याच आधी थोरलीला, मग धाकटीला तपासायला दिल्या. बहुतेक दुर्बिणींत भिंग धरून ठेवणारी चकती सैल होती. दृष्ट वगैरे काही नव्हते, आटे नीट आवळलेले नव्हते. थोरलीने सतरा दोष काढले. धाकटीने अठरा. थोरलीकडून सुटला तो भिंगाच्या अगदी काठावरचा केसाएवढा ओरखडा. तिने तो तीनदा पाहिला. ओरखडा खरोखर होता.

खुर्ची धाकटीला मिळाली. थोरलीला जळजळ झाली नाही असे कोणी समजू नये. चांगली झाली. पण यावेळी तिला काय कमी पडले ते बोट ठेवून दाखवता येत होते, आणि जे दाखवता येते ते शिकता येते. दुसऱ्या दिवसापासून तिने भिंगे काठापासून तपासायला सुरुवात केली.

हेवा कोणाला चुकला आहे? म्हणूनच तर असल्या बाबांचे फावते. तुमच्या मनात मत्सर आहे असे शंभर जणांना सांगा, शंभर जण मान खाली घालतील. तेव्हा उद्या कोणी तुमच्या डोळ्यात पाप दाखवू लागला तर मान खाली घालण्याआधी एक साधी बांगडी घ्या, हात लांब करा आणि आधी एक डोळा, मग दुसरा मिटून पाहा. बाबांनी सांगितलेला तेवढाच डोळा मिटू नका.

खुर्चीचा निकाल लागला त्या संध्याकाळी दाराची कडी वाजली. आतून आईने विचारले, "धाकटी आली का?"

"आली," थोरली चपला काढत म्हणाली, "आणि खुर्ची घेऊन आली. मीही आलेय, आई. मलाही चहा टाक."