काटेपूर्णा पार्टीची हिरवी पेटी

मी एक जुनी पेटी आहे. पुठ्ठ्याची, वरून हिरवं कापड चिकटवलेली. हल्ली माझ्या पोटात ग्रामोफोनच्या बोथट झालेल्या सुया टाकतात. मित्रांनो, याचं मला दुःख होत असेल, असं तुम्हाला वाटेल. पण मला फारसं काही वाटत नाही. माझा स्वभावच तसला, दगडासारखा. चौदा वर्षं माझी पूजा झाली, तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं. एकदाच, एका हळदीच्या मांडवात, आत कुठेतरी थोडंसं हललं. तेवढंच सांगते.

माझा जन्म अकोल्याचा. त्या काळी तिथे काटेपूर्णा पार्टी नावाची गाणारी मंडळी होती. नाटक कंपनीतली नाहीत की सिनेमातली नाहीत. दिवसा सरकी काढायच्या जिनात नाहीतर कापसाच्या बाजारात राबायचं आणि संध्याकाळी गायला बसायचं. देवराव बासरी वाजवायचे, त्यांची बायको सुभद्रा गायची, आणखी दोघं ढोलकी-टाळ सांभाळायचे. गाणी त्यांची त्यांनीच जुळवलेली. पेरणीची होती, जात्यावरची होती, बाजारातल्या भांडणाचंसुद्धा एक होतं. मोठ्या कंपन्यांनी त्यांना कधी विचारलं नाही. पण अकोला-अमरावतीच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, आणि शेवटी लोकांनीच वर्गणी काढून त्यांना मुंबईला धाडलं. तिथे गाणी तबकड्यांवर उतरवून आणली.

चार तबकड्या एका पेटीत. पहिल्या दिवाळीला लाल पेट्या निघाल्या, पुढच्या दिवाळीला निळ्या, आणि १९५३च्या दिवाळीला आम्ही हिरव्या. दर वेळी चाळीसच. जास्त काढायची ऐपत नव्हती, खरं कारण हेच. पण लोकांना त्यातही ऐट दिसली. ज्याच्याकडे लाल होती तो निळीसाठी जीव टाकू लागला. निळी मिळावी म्हणून भातकुलीच्या एकानं दुभती बकरी देऊ केली होती म्हणतात. आम्हाला बांधलं जानराव बुकबाइंडरनं. तो प्रत्येक पेटीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा घालायचा. मग चौकात उभं राहून लोक एकमेकांना विचारायचे, "तुह्यी कितवी?" ज्याची तिसरी-चौथी असेल त्याची मान ताठ. जसं काही आकड्यामुळे गाणं गोड होतं.

मी सतरावी. मला स्वतः देवरावांनी ठेवून घेतलं. त्यांच्या घरी ग्रामोफोन नव्हता. गाणारीच चुलीपुढे बसलेली असताना मशीन कोणाला पाहिजे? मी भिंतीवरच्या फळीवर असायचे. त्यांची लेक शैला तेव्हा तीन वर्षांची होती. ती फळीखाली उभी राहून हात वर करायची आणि सुभद्रा मला खाली काढून तिच्यापुढे ठेवायची. पोरगी माझ्या झाकणावर ढोलकी वाजवायची.

त्याच हिवाळ्यात सुभद्राला विषमज्वर झाला. होळीच्या आधी ती गेली.

लोक भेटायला येत होते. त्यांत अमरावतीचे कमलाकांत वकील आले. पार्टीचा एवढा वेडा माणूस सबंध वऱ्हाडात नसेल. त्यांच्याकडे लाल होती, निळी होती. हिरवी निघाली तेव्हा ते काशीला गेले होते आणि परत येईपर्यंत चाळीसच्या चाळीस संपल्या होत्या. बिचारे खाली मान घालून बसले. खरंच रडले. मग डोळे पुसताना त्यांची नजर फळीवर गेली. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. पण नजर गेली ती गेली.

"ही पेटी," ते चाचरत म्हणाले, "तुम्ही ठेवणार आहात का?"

"घेऊन जा," देवराव म्हणाले. "मले घरात नको ते."

"मी जपीन. जिवापाड जपीन."

"जपा."

देवरावांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. शैला त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि ते तिलाही थोपटत नव्हते. त्यांना त्या दिवशी काही वाटतच नव्हतं. बाकीच्यांना ते विचित्र वाटलं असेल, मला नाही वाटलं.

वकिलांनी शब्द पाळला. पाळला म्हणजे किती पाळावा! लाल आणि निळी त्यांनी दिवाणखान्यातल्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. सुभद्रा गेल्यापासून त्या वाजवणंही बंद केलं. आणि मी? मी तर तिची शेवटची. मला त्यांनी देवघरात नेलं. पोथी बांधतात तसं मला लाल फडक्यात बांधलं, वर दोरा गुंडाळला आणि नंदादीपाच्या बरोबर वर जी फळी होती तिच्यावर पोथ्यांच्या शेजारी ठेवलं. आंघोळ करून, सोवळं नेसल्याशिवाय मला हात लावायचा नाही, असा घरात नियम झाला. खंडेनवमीला वाद्यांची पूजा करतात ना, तशी माझी पूजा व्हायची. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. पार्टीचे चाहते लांबून लांबून दर्शनाला यायचे. उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारायचे, "एकदाही नाही वाजवली, साहेब?"

"एकदाही नाही," वकील म्हणायचे.

खाली नंदादीप अखंड जळत होता. वर वऱ्हाडातला उन्हाळा, तो तर काय सांगावा! मित्रांनो, आमच्या तबकड्या लाखेच्या. लाखेची बांगडी कशी बनते, पाहिलं असेल तुम्ही. ऊब दिली की लाख वाकते, मग हवी तशी वळवावी. माझ्या पोटात तसंच चाललं होतं. कोणी वळवत नव्हतं, ती आपलीआपणच वळत होती. काहीतरी हळूहळू कलतंय, एवढं मला कळायचं. ओरडून सांगावं असं वाटलं असतं तरी मला तोंड कुठे होतं?

अशी चौदा वर्षं गेली. मग एका चैत्रात देवराव आणि शैला अमरावतीला आले. देवराव ओसरीवर भिंतीशी बसले. शैला उभीच राहिली.

"काका, माह्यं लगन हाय," ती म्हणाली. "हळदीच्या दिवशी मायचं गाणं लावायचं हाय मले. शेवटच्या तबकडीवर तिनं हळदीचंच गायलं म्हणते. मले तिचा आवाज आठवत नाही. चंद्रभानकाकाच्या हॉटेलात एक हिरवी पेटी हाय, पण ते म्हणते, माह्यी घासून राख झाली, वकीलसाहेबाजवळची कोरी हाय, तिकडं जा."

वकिलांनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, सुई एकदा फिरली ना, की तबकडी पहिल्यासारखी राहत नाही."

"एकदाच, काका."

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको अनसूया उभी होती. ती सहसा मध्ये बोलायची नाही. "अहो, पोथीसुद्धा श्रावणात उघडतात," ती म्हणाली. "या पोरीची आई तुम्ही चौदा वर्षं बांधून ठेवली आहे. सोडा आता."

वकिलांनी पुन्हा एकदा देवघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी स्वतः घेऊन येईन. माझ्या हातानं लावीन."

आणि आले. बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडीत बसले ते मला मांडीवर घेऊन. शेजारच्या माणसानं जरा सरकायला सांगितलं तर त्याच्यावर डोळे वटारले. खिशात नव्या सुयांची डबी होती.

अकोल्यात देवरावांच्या अंगणात मांडव घातला होता. जात्यावर हळद दळून झाली होती, बाया पाटाभोवती बसल्या होत्या आणि पाटावर शैला होती, गालांना हळद लागलेली. कापसाच्या बाजाराजवळ चहाचं हॉटेल चालवणाऱ्या चंद्रभाननं आपला ग्रामोफोन आणून ठेवला होता. वकिलांनी हातपाय धुतले. दोरा सोडला, लाल फडकं उलगडलं, झाकण उघडलं.

पहिली तबकडी निघेचना. ती दुसरीला चिकटली होती. सोडवताना कडकन मोडली. शेवटची, सुभद्राच्या गाण्याची, सुटी निघाली. पण ती उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी झाली होती. वकिलांनी ती तशीच ठेवली, हँडल फिरवलं, नवी सुई टेकवली. सुई उडाली. पुन्हा टेकवली, पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा त्यांनी कड बोटानं दाबून धरली, तर तुकडाच हातात आला.

"मी जपली होती," वकील म्हणाले. तुकडा अजून त्यांच्या हातातच होता. "कोणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता."

चंद्रभाननं फिरता ग्रामोफोन थांबवला.

"राहू द्या, काका," शैला म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. ती पाटावर तशीच बसून राहिली आणि हाताची हळद दुसऱ्या हाताला पुसत राहिली. मला वाटलं, हीही आता आपल्यासारखीच दगड होणार.

आणि मला काय वाटलं? काही नाही. वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं.

चंद्रभान उठला, सायकल काढली आणि हॉटेलावर जाऊन आपली पेटी घेऊन आला. तिला झाकण नव्हतं. सुतळीनं बांधली होती. हिरवं कापड कुठलं, चहाच्या कपांची वर्तुळंच जास्त. पाठीवरचा आकडा कधीच पुसला होता. तरी मी तिला ओळखलं. एकाच माणसानं, एकाच आठवड्यात बांधलेल्या आम्ही बहिणी.

"वाजते का नाही, सांगता येत नाही," चंद्रभान म्हणाला. "पाहू."

आधी नुसता आवाज आला, कढईत लाह्या फुटाव्यात तसा. मग त्याच्या खालून एक बाई गाऊ लागली. काही शब्द गेले होते. मध्ये एका जागी सुई अडकली, तर चंद्रभाननं माशी हाकलावी तसा बोटानं तिला हळूच धक्का दिला आणि गाणं पुढे गेलं. बायांनी दुसऱ्या कडव्याला साथ धरली. शैला हललीही नाही. हे गाणं माझ्यातही होतं, मित्रांनो. चौदा वर्षं ते माझ्या पोटात होतं आणि मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, दुसरीच्या तोंडून.

गाणं संपलं. सुई फिरतच होती. चंद्रभाननं ती उचलली नाही, कारण त्याला पुढचं माहीत होतं. मुंबईत मशीन थांबवायला कोणाला तरी थोडा उशीर झाला असणार. तबकडीवरची बाई गाणं सोडून साध्या आवाजात, घरात नवऱ्याला विचारावं तसं बोलली,

"झालं काय जी?"

पेट्या कुलपात ठेवणाऱ्यांना हे कुठून माहीत असणार! वकिलांना माहीत नव्हतं. शैलाला तर आई बोलायची कशी, हेच माहीत नव्हतं.

देवराव मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. सुभद्रा गेल्यापासून त्यांनी बासरी हातात धरली नव्हती. त्यांनी मान वर केली.

"झालं," ते म्हणाले. "झालं, सुभद्रा."

तेव्हा शैला रडली. पाटावरून उठून बापाच्या गळ्यात पडली आणि त्यांच्या सदऱ्याला हळद लागली. ते तिला थोपटू लागले. माझ्या पुठ्ठ्यात हललं ते त्याच वेळी. त्याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

चंद्रभाननं ती तबकडी शैलाला आहेरात दिली. वकिलांनी मला परत नेलं, पण देवघरात ठेवलं नाही. आता मी दिवाणखान्यात ग्रामोफोनशेजारी असते. रोज संध्याकाळी दारं उघडी टाकून ते लाल आणि निळ्या पेटीतली गाणी लावतात, रस्त्यावरचे लोक आत येऊन बसतात. तबकड्या झिजताहेत. सुया बोथट होतात आणि माझ्या पोटात पडतात.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला फडक्यात बांधू नका. ऐका, हाताळा, दुसऱ्याला द्या. झिजलं तर झिजू द्या. गाण्याच्या शेवटी कोणीतरी साधं काही विचारत असतं, आणि ज्यानं उत्तर द्यायचं, तो कायम ऐकायला बसलेला नसतो.