ज्याने लावला, त्यानेच काढावा

माझी खोली गेली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं धरून चालू. खोली आहे, माझीच आहे. खिडकीला लागून माझी कॉट आहे, खिडकीतून नाशिकच्या जेलरोडची रहदारी आणि समोरच्यांची कपडे वाळत घालायची दोरी दिसते. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली आहे आणि घरात सगळं जागच्या जागी आहे. हेही खरं नाही, पण त्याला कारण मम्मी.

मम्मीने एका रविवारी पोहे वाढता वाढता जाहीर केलं, "अण्णा पौर्णिमेला येतायत. आणि मी त्यांना परत जाऊ देणार नाहीये."

अण्णा म्हणजे मम्मीचे वडील, जयराम. मनमाडला रेल्वेत वॅगन फिटर होते. रिटायर होऊन जमाना झाला. आजी गेल्यापासून एकटेच राहतात, एकटेच भात लावतात आणि त्याच कुकरमध्ये चहाही करतात, असा मम्मीला संशय आहे. ती दर फोनला म्हणते, इकडे या. ते दर फोनला म्हणतात, "लेकीच्या घरी पाहुण्यासारखं यावं आन पाहुण्यासारखं जावं. आन जागा कुठं हाय तुमच्याकडं?"

या वेळेसही तेच. "येतो, खीर खातो, संध्याकाळच्या गाडीनं माघारी."

"म्हणजे आपल्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ आहे," मम्मी म्हणाली. "घर असं दिसलं पाहिजे की इथे एक माणूस कमी आहे."

आमच्या घरात एक माणूस कमी आहे असं कधीच कुणाला वाटलेलं नाही. दोन खोल्या, एक हॉल, चार माणसं आणि एक व्यायामाची सायकल, जिच्यावर टॉवेल व्यायाम करतात.

कामाला सुरुवात झाली. मम्मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. तिचा जगाकडे बघण्याचा दृष्टिकोन असा, की कुठलीही गोष्ट खोक्यात बसते. तिने द्राक्षांची रिकामी खोकी आणली आणि घरातली प्रत्येक वस्तू त्यांत गेली. मोजे, मसाले, मेडिकलच्या फायली, पप्पांचे सत्काराचे नारळ. व्यवस्था चोख होती. अडचण एवढीच, की प्रत्येक खोक्यावर एकाच घडाचं चित्र होतं आणि खाली 'सीडलेस' लिहिलेलं होतं. मला जिरं हवं होतं, मला माझ्या लहानपणीचे दात सापडले.

सजावट पायलकडे. पायल माझी धाकटी बहीण, ती दिवसभर मोबाईलवर दुसऱ्यांची घरं बघते. तिने सांगितलं की भिंतीवर काही नको, टेबलावर काही नको, कोपऱ्यात एकच काटकी हवी, काचेच्या बरणीत.

"काटकी कशाला?" मम्मीने विचारलं.

"शांत वाटतं."

"अण्णा म्हणतील, झाड वाळलंय, पाणी घाला."

काटकी रद्द झाली. पंचशीलाच्या पताका, पांढरा कंदील आणि दारात रांगोळी यावर तडजोड झाली.

आणि मग पप्पा. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर आहेत. तिथला नियम असा, की एखाद्या यंत्रावर कुणी काम करत असेल तर तो त्यावर लाल टॅग लावतो. टॅग असेपर्यंत त्या यंत्राला दुसऱ्याने बोट लावायचं नाही. आणि टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. साहेब आला तरी, साहेबाचा साहेब आला तरी. या नियमामुळे माणसं जिवंत घरी येतात, असं पप्पा म्हणतात, आणि ते जिवंत घरी येतात, त्यामुळे वाद घालता येत नाही.

तर पप्पा शिडीवर चढून माळा आवरत असताना पायलने दुसऱ्या बाजूने माळ्याचं दार उघडलं आणि जुना मिक्सर पप्पांच्या खांद्यावरून खाली आला. पप्पा शिडीवरून उतरले. त्यांनी पायलच्या प्रोजेक्टचा लाल कार्डशीट घेतला, कात्री घेतली, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत घरात कायद्याचं राज्य आलं.

'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली नाव, खाली सही.

पहिला टॅग माळ्याला. दुसरा फ्रिजला, कारण पप्पा बर्फ वितळवत होते. मग टीव्हीला. मग नळाला. एका सकाळी मी तोंडाला साबण लावून उभा होतो आणि नळावर पप्पांची सही होती. पप्पा दूध आणायला गेले होते.

"पप्पा, डोळे चुरचुरतायत!" मी फोनवर ओरडलो.

"टॅग कुणाचा आहे?"

"तुमचा!"

"मग मी आल्यावर काढतो."

माझ्या अभ्यासाच्या टेबलालाही टॅग लागला. मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो, म्हणजे घरातलं जड सामान उचलतो. माझा अभ्यास बंद पडलाय असं मी सगळ्यांना सांगितलं. कुणाला फरक जाणवला नाही.

पण मम्मीला बसवत नव्हतं. ती कामावरून यायची आणि चप्पल न काढताच सोफा सरकवायची. सकाळी पूर्वेकडे असलेला सोफा रात्री पश्चिमेला. मध्येच उभी राहून दाराकडून घराकडे बघायची, जणू तीच मनमाडहून आली आहे. "इथून आत आलं की काय दिसतं?" असं विचारायची. आम्ही म्हणायचो, घर. ती म्हणायची, "जागा दिसते का, जागा?" आणि परत सोफा धरायची. मी दुसरं टोक धरायचो.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, खाली जागा दिसावी म्हणून, पप्पांनी सगळं माळ्यावर टाकलं. पताका, कंदील, आमचे चौघांचे इस्त्री केलेले पांढरे कपडे, सगळं सीडलेसमध्ये. दार लावलं, टॅग लावला. शेवटचा कप्पा सकाळी लावीन म्हणाले. सकाळी त्यांच्या जोडीदाराची मुलगी आजारी पडली आणि पप्पांना त्याच्या जागी पहिल्या पाळीला जावं लागलं. ते उजाडायच्या आत गेले. टॅग राहिला.

अण्णा सकाळीच आले. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, आणि रिक्षातून उतरवलेली एक पत्र्याची पेटी. ती मी उचलली आणि माझ्या पाठीतून आवाज आला.

"अण्णा, काय आहे यात?"

"काय नाय. कपडे."

"एका दिवसाचे?"

"हळू ठिव, बडबड नको."

मम्मीने त्यांच्या पायांना हात लावला आणि लगेच स्टूल घेऊन माळ्याकडे निघाली. वंदनेची वेळ होत आली होती आणि आम्ही सगळे रंगीबेरंगी होतो. तिने टॅगला हात घातला आणि मागून अण्णांचा आवाज आला.

"साधना! हात लावू नको."

"अहो अण्णा, घरातला माळा आहे."

"सही कोणाची हाय?"

"ह्यांची."

"मग जावईबापू काढतील." अण्णा टॅगसमोर जाऊन उभे राहिले, मान वर करून, एखाद्या जुन्या मित्राला भेटावं तसे. "आमच्यात लाल झेंडा असायचा. गाडीखाली माणूस असला की दोन्ही टोकांना झेंडा. एकदा एक साहेब आला, म्हणे काढा, गाडीला लय उशीर झालाय. मी गाडीखालून बोललो, साहेब, ज्यानं लावला तो खाली झोपलाय. तो उठल्यावर काढील."

"मग?"

"मग काय. मी उठल्यावर काढला."

मम्मीने पप्पांना फोन लावला. ते म्हणाले, फोनवरून टॅग निघत नसतो. अण्णा खुशीत म्हणाले, "माणूस चांगला पाह्यलाय मी तुला."

मम्मी स्टुलावर तशीच बसली. सकाळ निघून चालली होती, आणि सकाळ हा तिच्याकडच्या वेळेचा अर्धा भाग होता. मग ती उठली, तिची कामाची पिशवी उघडली आणि पॅकहाउसचे धुतलेले पांढरे कोट बाहेर काढले.

"घाला."

"मम्मी, केसांची जाळीपण आहे," पायल म्हणाली.

"जाळी नको."

त्रिसरण-पंचशील आम्ही त्या कोटांमध्ये घेतलं. अण्णा पुढे, आणि मागे आम्ही तिघे, कुठल्याही क्षणी गौतम बुद्धांची प्रतवारी करायला निघाल्यासारखे. पायलने पॅकिंगच्या पांढऱ्या कागदाचा कंदील केला. तो एका बाजूला कलला होता, पण दिवा लावल्यावर अण्णा त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. खीर झाली. अण्णांनी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा गोड जास्त झाल्याचं सांगितलं.

दुपारी पप्पा आले, चपला काढायच्या आधी टॅग काढला. अण्णांनी मान डोलावली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मम्मी अण्णांना माझ्या खोलीत घेऊन गेली.

खोली झकास केली होती, हे मला मान्य करावं लागेल. कॉटवर नवी चादर, भिंतीवर आजीचा फोटो, फडताळात रिकामा कप्पा, खिडकीला नवा पडदा.

"कोणाची खोली?" अण्णांनी विचारलं.

"तुमची."

"आन हा कुठं झोपतो?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

इथे शांत बसायचं होतं. मम्मी डोळ्यांनी तेच सांगत होती. पण मला प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय लागली आहे, परीक्षेमुळे.

"हॉलमध्ये," मी म्हणालो. "सायकलच्या खाली डोकं छान बसतं."

अण्णांनी खोलीवरून एकदा नजर फिरवली. "बघ साधना. एकाला उठवून दुसऱ्याला बसवायचं, हे रेल्वेच्या डब्यात पण चांगलं दिसत नाय. पोरगं शिकतंय. मी निघतो. गाडी गाठतो."

"अण्णा, त्याला चालतं!"

"मला चालतं," मी म्हणालो. "खरंच. पंखासुद्धा..."

"निघतो," अण्णा म्हणाले.

ते हॉलमध्ये गेले. चपला शोधू लागले. चपला सीडलेसमध्ये होत्या, त्यामुळे थोडा वेळ मिळाला. पप्पा नुसतेच उभे. पायलने कंदील सरळ केला, तो पुन्हा कलला. मी सोफ्याचं एक टोक धरलं, कारण अशा वेळी आमच्या घरात तेच करतात, पण दुसरं टोक धरायला मम्मी आली नाही.

मम्मी टेबलाशी होती. तिने उरलेल्या लाल कार्डशीटमधून एक तुकडा कापला, त्यावर काहीतरी लिहिलं, भोक पाडलं, सुतळी ओवली. मग खाली बसून तिने तो तुकडा पत्र्याच्या पेटीच्या कडीला बांधला. दोन गाठी मारल्या.

अण्णांनी वाकून वाचलं. 'काम चालू आहे. हात लावू नये. साधना.'

"काढ," अण्णा म्हणाले.

"काम चालू आहे."

"कसलं काम?"

"तुमच्या राहण्याचं."

"कधी संपणार?"

"संपलं की काढीन ना मीच," मम्मी म्हणाली. तिचा आवाज हलत होता, पण सही पक्की होती.

अण्णांचा हात कडीकडे गेला आणि वाटेत थांबला. मी अण्णांना इतकं अडकलेलं कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसाने गाडीखालून साहेबाला गप्प बसवलं, तो एका कार्डशीटसमोर उभा होता. त्यांनी पप्पांकडे बघितलं.

"जावईबापू, तुम्ही सांगा हिला."

पप्पा घामाघूम झाले होते. "अण्णा, माझ्या हातात असतं तर काढला असता. पण टॅग तिचा आहे."

खाली रस्त्यावर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं गाणं संपेपर्यंत आम्ही सगळे उभेच होतो. मग अण्णा पेटीशेजारी जमिनीवर बसले.

"हलवायला बंदी हाय," ते म्हणाले. "उघडायला हाय का?"

पप्पांनी टॅग पुन्हा वाचला. डोकं खाजवलं. "बघा, पेटी जागेवरून हलली नाही, तर उघडायला हरकत नसावी. बंदी हलवण्याला आहे. माझं मत."

वर स्पष्ट 'हात लावू नये' असं लिहिलं होतं. पप्पांनी त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच एक ओळ वाचली नाही.

अण्णांनी पेटी उघडली. वर दोन शर्ट. त्याखाली स्वेटर, आणखी एक स्वेटर, मफलर आणि कानटोपी. मे महिना होता. नाशकात त्या दिवशी कूलरसुद्धा घाम पुसत होता.

मम्मीने स्वेटर बघितले. अण्णांनी मम्मीकडे बघितलं नाही.

"खीर खायला कानटोपी लागते का, अण्णा?" पायलने विचारलं.

"तू गप बस गं," अण्णा म्हणाले. "तो रिकामा कप्पा कुठं हाय?"

तर त्यानंतर आमच्याकडे पावसाळा आला, दिवाळी आली, थंडीही आली. कानटोपी कामाला लागली. पेटी हॉलमध्ये आहे, टॅगसकट, आणि तिच्यावर आता व्यायामाच्या सायकलवरचे टॉवेल असतात. अण्णा रोज सकाळी तिच्याकडे बघून "अजून चालू हाय का काम?" असं विचारतात. मम्मी डबा भरता भरता "चालू आहे" म्हणते. मग ते माझ्या कॉटवर, माझ्या पंख्याखाली जाऊन पेपर वाचतात आणि मोठ्याने खोकून मला अभ्यासाला उठवतात. ते नसले की मला झोप लागते, पण ते कुठे जातच नाहीत.

मी खालील अर्ज फ्रिजवर लावला आहे. त्यावर पप्पांनी लाल टॅग लावला.

प्रति,
सौ. साधना,
टॅग लावणार, हॉल विभाग.

विषय: खोलीबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार सध्या व्यायामाच्या सायकलखाली राहत असून त्याच्या डोक्याला पेडल लागते. तरी अर्जदाराची खोली, खिडकी व पंखा त्यास पूर्ववत परत मिळावेत, आणि अण्णांना त्याच खोलीतून, त्याच खिडकीजवळून, त्याच पंख्याखालून कधीही हलवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.