साडेबत्तीस इंचांवर

मी एक जुना कठडा आहे. जुना म्हणालो खरा, पण कठडा म्हणून माझं वय जेमतेम तीन वर्षं. त्याआधी एकोणतीस वर्षं मी कपाट होतो. मित्रांनो, माणूस धंदा बदलतो तेव्हा त्याचे नाकडोळे तरी तेच राहतात. माझं तेवढंही राहिलं नाही. लाकूड मात्र तेच आहे आणि खोडही तीच, बघत राहायचं आणि मोजत राहायचं.

माझा जन्म याच घराच्या पॅसेजमध्ये झाला. आजचे आजोबा तेव्हा आजोबा नव्हते. ते कोट शिवणारे मास्तर होते आणि बाहेरच्या खोलीत त्यांचं मशीन चालायचं. कापडाचे तागे ठेवायला त्यांना मोठं कपाट हवं होतं. फळ्या लांबलचक, म्हणून सुतारानं पॅसेजमध्येच बैठक मारली आणि बारा दिवसांत मला उभा केला. सहा फूट रुंद, दोन फूट खोल, तीन दारं, अकरा कप्पे, मधल्या दाराला उभा आरसा. शेवटची खुंटी ठोकून झाल्यावर मास्तरांनी मला न्याहाळलं, मग घराचं दार न्याहाळलं आणि विचारलं, "हे आता बाहेर कसं निघायचं?"

सुतार म्हणाला, "बाहेर काढायचंय कशाला? बसवा म्हणालात, बसवलं."

जन्मभर इंचाइंचानं लोकांचे कोट बेतणाऱ्या माणसानं स्वतःच्या घराचं दार मोजलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अंधार खरोखरीचाही होता, कारण पॅसेजची एकुलती एक खिडकी माझ्या पाठीमागं गेली. मास्तर म्हणाले, "बरंच झालं, कापडावर धूळ यायची." चूक झाली की माणसं तिला लगेच कारणाचं अस्तर लावतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

तरी ती वर्षं वैभवाची होती. गिऱ्हाईक माझ्या आरशासमोर उभं राहायचं आणि श्वास धरून पोट आत घ्यायचं. मास्तर एक अक्षर न बोलता कमरेच्या मापात दीड इंच वाढवून लिहायचे. शेजारीपाजारी मला बघायला यायचे. "कपाट असावं तर असं," म्हणायचे आणि मी नुसता फुगायचो. लाकूड फुगलं की दारं नीट लागत नाहीत, हे मला कोण सांगणार?

मग मास्तरांची नजर अधू झाली, मशीन बंद झालं. घरात सून आली, पुढं नात आली. तागे गेले आणि त्यांच्या जागी जे टाकवत नाही आणि वापरवतही नाही ते सगळं माझ्यात आलं. तुटक्या दांड्यांचे चष्मे, एका पायाचे मोजे, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, बंद पडलेले दोन पंखे. अकरा कप्प्यांतल्या रोज लागणाऱ्या वस्तू किती? दोन. इस्त्री आणि छत्री, त्यातही छत्री रोज नाही. एवढ्यासाठी मी बारा चौरस फूट जागा आणि अख्खी खिडकी अडवून उभा होतो. नाकापेक्षा मोती जड. भर दुपारीही पॅसेजमध्ये दिवा लावावा लागे.

मास्तरांच्या मुलाला घर सजवायची हौस होती. तो फोनवर व्हिडिओ बघायचा आणि रविवारी हातोडी घ्यायचा. एका रविवारी त्यानं पॅसेजमध्ये लोंबता दिवा टांगला. तो नेमका कपाळाच्या उंचीवर आला. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक उंच पाहुणा त्या दिव्यापुढं मान झुकवूनच आत जायचा. "किती नम्र माणसं आहेत तुमच्याकडची," सून म्हणायची. 

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आजोबांनी जाहीर केलं की ते आता लेकीकडे राहायला जाणार. कायमचे.

"तिकडची हवा मला मानवते," ते म्हणाले. "आणि माझी खोली नातीला होईल. मोठी झाली ती."

"बाबा, ताई तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथं लिफ्ट नाही," मुलगा म्हणाला.

"मग वर हवा आणखी चांगली असेल."

सगळ्यांनी समजावून पाहिलं, पण आजोबांनी ताकास तूर लागू दिली नाही. त्यांनी बॅग भरली आणि माझ्या खालच्या कप्प्यात ठेवली. जायची तारीख पंधरा दिवसांवर होती. मित्रांनो, खरं कारण या घरात दोघांनाच ठाऊक होतं, आजोबांना आणि मला. आणि मला तोंड नव्हतं. तीन दारं होती, पण तोंड नव्हतं.

खोली नातीला द्यायची तर ती नीट करून द्यायची, असं ठरलं. मुलानं फोन हातात घेतला तसा सुनेनं तो काढून घेतला. "या वेळी व्हिडिओ नाही. शिकलेलं माणूस बोलवायचं."

अशा रीतीनं घराची अंतर्गत सजावट करणाऱ्या एक बाई आल्या. मला वाटलं, आता रंगांची पुस्तकं आणि पडद्यांचे नमुने निघणार. बाईंनी पिशवीतून मोजायची टेप, वही आणि एक शिसपेन्सिल काढली. आजोबा खुर्चीतून बघत होते. टेप बघून त्यांचे डोळे जरा चमकले.

मुलानं फोनवर एक चकचकीत खोली दाखवली. "अशी हवी. अगदी अशी."

"छान आहे," बाई म्हणाल्या. "कुणाची आहे?"

"कुणाची म्हणजे? फोटो आहे."

"म्हणजे तिथं कुणी राहत नाही."

आजोबा खुर्चीतूनच हसले. "हा तयार कोट आणायला निघालाय. खांदे याचे, माप भलत्याचंच. आधी माप घेऊ दे बाईंना."

त्या दिवसापासून त्या मापाच्या बाई झाल्या. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "सकाळभर मी इथं स्टुलावर बसते, तुमचं रोजचं चालू द्या." कोण कुठं जातं, कुठं अडखळतं, काय हुडकतं, ते त्या वहीत टिपत होत्या. माझी तिन्ही दारं उघडून त्यांनी आतलं सगळं बघितलं. इस्त्री आणि छत्रीपुढं खूण केली आणि बाकी सगळ्याला एकच मोठी चौकट मारली. एकोणतीस वर्षांत माझा हिशेब माझ्याशिवाय कुणीतरी पहिल्यांदाच मांडत होतं. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

मग त्या भिंतीशी थांबल्या. आजोबांच्या खोलीच्या दारापासून माझ्यापर्यंत, कमरेच्या जरा खाली, एक काळपट रेघ गेली होती. बोटांएवढी रुंद, लांबच लांब.

"ती घाण झालीय," मुलगा घाईनं म्हणाला. "म्हणून तर धुता येणारा रंग हवाय. पहिल्यांदा ती घालवायची."

"घालवू," बाई म्हणाल्या. "पण ही काढतं कोण?"

कुणाला कळेना. मुलगा नातीकडे बघायला लागला. "मी नाही," नात म्हणाली. "मी सोफ्यावर काढते."

बाईंनी आपला तळवा त्या रेघेवर ठेवला आणि भिंत धरत चालू लागल्या, म्हाताऱ्या माणसासारख्या, पाऊल ओढत. भिंत संपली आणि मी आलो. त्यांचा हात आपसूक माझ्या पहिल्या दाराच्या मुठीवर आला. त्यांनी मुठीवर भार दिला. आणि माझं ते फुगून खिळखिळं झालेलं दार, नेहमीसारखं, एकदम उघडलं. बाईंचा तोल गेला. सुनेनं सावरलं म्हणून बरं.

बाईंनी पदर नीट केला आणि शांतपणे विचारलं, "इथं कोण पडलं होतं?"

"कुणी नाही," आजोबा म्हणाले. इतक्या चटकन की सगळ्यांनी त्यांच्याकडेच बघितलं.

सून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आजोबांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. महिनाभर तोच प्रकार चालला होता. "बाबा, बाही वर करा."

"कशाला? थंडी वाजते मला."

"या उकाड्यात? करा वर."

बाही वर गेली. कोपरापासून मनगटापर्यंत हिरवंपिवळं झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडली.

"दोनदा," आजोबा म्हणाले. आवाज अगदी लहान. "भर दुपारी, बाथरूमला जाताना पडलो. समोरच्या भिंतीला खुर्च्या आणि सायकल, म्हणून ही भिंत आणि हे कपाटच धरून चालतो. आता एखाद्या दिवशी हाड मोडलं की तुम्ही रजा काढायच्या, माझं अंथरुणावर करायचं. त्यापेक्षा लेकीकडे बाथरूम खोलीला लागून आहे."

"आणि हवा?" मुलानं विचारलं.

"हवेचं काय, सगळीकडे सारखीच असते."

मुलगा खाली बसला. मला त्या वेळी वाटलं की आपण कुऱ्हाडीच्याच लायकीचे आहोत. ज्यांनी मला उभं केलं त्यांनाच मी दोनदा आडवं केलं होतं.

बाई वही घेऊन आजोबांजवळ स्टुलावर बसल्या. "मला खोलीचं काम सांगितलंत, पण घराचं दुखणं पॅसेजमध्ये आहे. मास्तर, जाणं आणखी पंधरा दिवस पुढं ढकलाल? नाही पटलं तर बॅग भरलेलीच आहे."

"आणि नातीच्या खोलीचं काय?" आजोबांनी विचारलं.

"तिला कुणी विचारलंय का?"

नातीला कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर ती म्हणाली, "मला खोली नको. एक टेबल पाहिजे, ज्याच्यावरचा पसारा कुणी आवरणार नाही."

"तेवढं जमेल," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "हे कपाट हलवलं की."

"ते हलत नाही," मुलगा, सून आणि आजोबा एका सुरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. हा नवा सुतार, बाईंच्या ओळखीचा. मी शेवटचा श्वास घेतला. त्यानं कुऱ्हाड काढली नाही. त्यानं माझ्या सांध्यांवर बोटं फिरवली आणि गालातल्या गालात हसला. "यात एक खिळा नाही. सगळ्या लाकडी खुंट्या आहेत. ज्यानं बांधलं त्यानं उघडायची सोय करून ठेवलीय. विचारलं नाही का कुणी?"

एकोणतीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं. दुपारपर्यंत मी सुटा झालो, आणि मित्रांनो, दुखलं नाही. पाठीची फळी निघाली तशी मागची खिडकी दिसली. ती उघडायला मुलाला दोन धक्के मारावे लागले. पॅसेजमध्ये ऊन आलं. माझ्यामागं भिंतीचा मूळ फिकट पिवळा रंग निघाला. तो फक्त आजोबांना आठवत होता. ते तिथं जाऊन उभे राहिले. "धूळ वगैरे काही येत नव्हती," म्हणाले. "माप चुकलं होतं माझं."

माझ्या फळ्यांचं टेबल झालं, ते खिडकीखाली बसलं. लोंबता दिवा उतरला, तिथं छताला चिकटून एक साधा दिवा आला आणि त्याचं बटण आजोबांच्या पलंगाजवळ लागलं. खुर्च्या आणि सायकल आपापल्या जागी गेल्या. समोरच्या मोकळ्या भिंतीला, माझ्या वरच्या आणि खालच्या सहा-सहा फुटी पट्ट्या तासून, जोडून, बारा फुटांचा कठडा झाला. तो म्हणजे मी.

कठडा किती उंचीवर लावायचा, यावर मात्र चर्चा झाली. बाईंनी आजोबांना ताठ उभं केलं आणि हात सैल सोडायला सांगितलं. आजोबा म्हणाले, "मनगटापर्यंत घ्या. कोटाची बाही तिथंच संपते." बाईंनी टेप लावली. साडेबत्तीस इंच.

"तेहतीस करून टाका की," मुलगा म्हणाला. "अर्ध्या इंचानं काय होतं?"

बाई आणि आजोबा, दोघांनी एकदमच त्याच्याकडे बघितलं. तो मुकाट्यानं चहा करायला गेला.

पहिल्या दिवशी आजोबा माझ्यावर हात ठेवून निघाले. अख्खं घर पॅसेजच्या टोकाला उभं होतं आणि जो तो दुसरीकडेच बघतोय असं दाखवत होता. बारा फूट. मध्ये कुठं खंड नाही, कुठं दार नाही. एकदाही न अडखळता ते बाथरूमच्या दाराशी पोचले. तिथं थांबून म्हणाले, "आता मी आत जाऊ का तुम्ही सगळे तिथंच उभे राहणार आहात?"

संध्याकाळी त्यांनी बॅग रिकामी केली. लेकीला फोन केला, "राहायला नाही, पाहुणा म्हणून येईन. आणि मला वर चढवायला जावयांना खाली पाठव." दुसऱ्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. सुनेनं तो बघितला. त्यांच्या चहात त्या दिवशी साखर जास्त पडली.

आता मला कुणी बघायला येत नाही. कठड्याकडे कोण बघतं? पण दिवसातून चौदा वेळा एक हात माझ्यावरून जातो, मी मोजतो. परवा मुलगा माझ्यावरून बोट फिरवत म्हणाला, "बाबा, याला पॉलिश करून घेऊ का?"

आजोबा म्हणाले, "मी रोज करतोच आहे."

मित्रांनो, घर नटवायला कुणालाही येतं. ते माणसांच्या मापाचं करायला मात्र शिकलेली नजर लागते, आणि त्या नजरेला आधी विचारायचं ठाऊक असतं. तुमच्याही भिंतीवर एखादी काळी रेघ असेल. फडकं आणायला धावू नका. तिच्यावर हात ठेवा, ती नेईल तिकडे चालत जा, आणि ती कुठं तुटते ते बघा. तिथं कुणाला तरी तुमची गरज आहे आणि ते माणूस तुम्हाला सांगणार नाही. ते हवेचं काहीतरी सांगेल.