तडकलेल्या घंटेचा न्याय

संत गेओर्गीच्या सणाला ब्रेस्तोवो गाव सकाळीच मेंढवाड्याच्या दारात लोटलं होतं. मेंढरं उन्हाळ्यासाठी डोंगरावर निघायची होती, पण त्या बिचाऱ्यांकडे बघतंय कोण? सगळ्यांच्या नजरा आढ्याला. तिथे हिवाळाभर टांगलेल्या पितळी घंटा एकेक करून खाली येत होत्या. घरटी एक घंटा, त्या घरच्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यातली. पार्तेनीबाबा ती हातात घ्यायचा, डोळे मिटायचा आणि लाकडी दांडीने टोला द्यायचा. टण्ण वाजली तर घर निर्मळ, खर्र वाजली तर घरात पाप.

"घंटा खोटं बोलत नाही, लेकरांनो!" बाबा गरजला. "पाटील बोलतो, पाद्री बोलतो, बायको तर रोज बोलते! घंटा नाही!"

लोक खो खो हसले. बायकाही हसल्या, हे विशेष.

मग विधवा दोनाची घंटा आली. खर्र.

हसू जागच्या जागी थिजलं. दोनाच्या शेजारी उभी असलेली माणसं पायात काटा रुतावा तशी बाजूला झाली. तडकलेल्या घंटेच्या घरची मेंढरं गावच्या कळपात घ्यायची नाहीत, हा बाबाने घालून दिलेला नियम. आणि कळपाबाहेरच्या मेंढरांना डोंगरावर चारा कुठला? उन्हाळा सरेपर्यंत घर बसलंच म्हणायचं.

"अहो, मी काय पाप केलंय?" दोना रडकुंडीला आली. "कोणीतरी सांगा तरी!"

"ते तुला ठाऊक आणि घंटेला ठाऊक," बाबा म्हणाला. त्यानंतर आणखी दोन घरांच्या घंटा खर्र वाजल्या.

मागे पाण्याच्या कुंडाशी वेलिका उभी होती. डोक्याला काळा रुमाल, हातात पिशवी. ती शहरातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. पण आज ती शिकवायला आलेली नव्हती. तिला सूड हवा होता. तो शब्द तिने स्वतःशी तसाच उच्चारला होता, काही न झाकता.

तिची आई केराना याच दारात उभी होती, तीन वर्षांपूर्वी. बाबाने आशीर्वादाच्या नावाखाली तिचा सगळ्यात चांगला मेंढा मागितला होता. केराना फटकळ. "तुझ्यापेक्षा माझ्या बोकडाला कमी वास येतो, त्याच्याकडून घेईन मी आशीर्वाद," म्हणाली. पुढच्या वसंतात तिची घंटा तडकली. तिची मेंढरं कळपातून काढली, तिचं दूध कोणी घेईना, विहिरीवर बायका बोलेनात. थंडीत ती गेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला वेलिका, पाद्री आणि दोना, एवढीच माणसं होती. चौथा खांदा द्यायला सगळ्या ब्रेस्तोवोत एक माणूस मिळू नये! शेवटी पाद्र्याने चर्चची घंटा वाजवणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं.

म्हणून गेल्या शरदात, संत दिमितरच्या सणाला, वेलिका गावात आली आणि गप्प उभी राहून बघत राहिली. त्या दिवशी मेंढरं डोंगरावरून परततात आणि घंटा हिवाळ्यासाठी टांगल्या जातात. टांगण्याआधी प्रत्येक घंटा लोहार मिंचोकाकाच्या ऐरणीवर जाते. सगळ्या कळपाचा एक सूर असतो. तो जुळावा म्हणून काका काठावर हातोडीने ठोकून ठोकून घंटेचा आवाज चढवतो किंवा उतरवतो. हे ब्रेस्तोवोचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पूर्वी घंटा लोखंडी असायच्या. पार्तेनीबाबाने शहरातून सोन्यासारख्या झळझळीत पितळी पत्र्याच्या आणल्या आणि सोबत आपला विधी आणला: घंटा निखाऱ्यांत पुरायची, बाबा लांबलचक प्रार्थना म्हणायचा, मग ती बाहेर काढायची.

निखारे सगळ्यांच्याच घंटेला मिळत. पण ज्यांनी मेंढा दिला, लोकर दिली, त्यांना बाबा सांगे, "आधी ऐरणीवर जा, मग अग्नीत ये." आणि ज्यांनी काही दिलं नाही त्यांना, "आधी अग्नी, मग ऐरण." एवढाच फरक. जत्रेच्या गोंधळात असला क्रम कोण लक्षात ठेवतो? वेलिकाने ठेवला. दोनाची घंटा निखाऱ्यांतून निघून ऐरणीवर गेली आणि वेलिकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

बाबाची स्वतःची मोठी घंटा अर्थातच आधी ठोकून मग शेकलेली. तेव्हा वेलिका पुढे झाली, अगदी लीनपणे.

"बाबा, लहान तोंडी मोठा घास घेते. पण तुमची घंटा कळपात बेसूर वाटतेय हो. मिंचोकाका, तुम्हीच ऐका."

काकाने कान लावला. "थोडी चढलीय खरी."

"मग उतरवा की! बाबांचीच घंटा बेसूर, म्हणजे गावाला काय शोभा?"

शंभर माणसांदेखत बाबा नाही कसा म्हणणार? काकाने मनापासून ठोकली. बाबा तिला पुन्हा निखाऱ्यांकडे नेणार तेवढ्यात वेलिकाने रिवाजाप्रमाणे निखाऱ्यांवर वाइन ओतून ते विझवले. विधी संपला. घंटा आढ्याला गेल्या आणि वाड्याची किल्ली तो राखणाऱ्या स्तानामावशीच्या कनवटीला. हिवाळाभर बाबा किल्ली मागत राहिला, एकदा म्हणे प्रार्थनेला, एकदा म्हणे उंदीर पाहायला. मावशीने दिली नाही. "उंदीर मी बघते, तुम्ही देव बघा," म्हणाली.

आणि आता तीच मावशी बाबाची घंटा घेऊन शिडीवरून उतरत होती.

"राहू दे, राहू दे," बाबा घाईने म्हणाला. "मेंढरं भुकेली आहेत."

"असं कसं? तुमची शेवटी वाजवायची रीत आहे ना!" मावशीने दांडी उचलून स्वतःच टोला दिला.

खर्र.

 मग मुख्य मेंढपाळ लाझार ओरडला, "पापी! गावाला शाप लावलास!" कोणी दगड उचलला. बाबाचा चेहरा पांढराफटक पडला.

वेलिकाला अवीट गोड वाटलं ते. याच क्षणासाठी ती सगळा हिवाळा जगली होती. आता फक्त गप्प राहायचं. बाकीचं गाव करील.

"दोनालापण हाकला!" मागून कोणीतरी किंचाळलं. "चारही घरांना! एकच शाप आहे!"

दोनाने आपली घंटा छातीशी घट्ट धरली होती, जसं काही ती लपवता येईल. वेलिकाच्या तोंडाची चव गेली. या घंटेने बाबा पापी ठरत असेल, तर दोनाही ठरते. आईही ठरते.

"थांबा!" ती कुंडाच्या कठड्यावर चढली. "दगड खाली टाका. शाप वगैरे काही नाही, हा बाबा शुद्ध लबाड आहे. ज्यांची घंटा आधी निखाऱ्यांत आणि मग ऐरणीवर गेली, त्यांनी हात वर करा."

लोक चुळबुळले. दोनाने हात वर केला. मग आणखी दोन घरांनी, ज्यांच्या घंटा त्याच सकाळी खर्र वाजल्या होत्या. स्तानामावशीने बाबाचं मनगट पकडलं आणि वर ओढलं. "आणि हा!"

मिंचोकाका ऐरणीवर मटकन बसला. "म्हणजे माझ्या हातोडीने?"

"एकट्या हातोडीने नाही, काका. थंड पितळ ठोकलं की त्यात ताण कोंडतो. वरून दिसत नाही, घंटा छान वाजते. मग हिवाळाभर वाड्यातली ओल, आणि मेंढरांच्या मुताचा तो डोळे झोंबवणारा वायू. अमोनिया म्हणतात त्याला. तो ताणलेल्या पितळाला आतून कुरतडतो. नुसत्या ताणाने तडा गेला नसता, नुसत्या वासानेही नाही. दोन्ही भेटले की जातो. ठोकल्यावर शेकलं की ताण निघून जातो, मग वायू काही करू शकत नाही. आधी शेकून मग ठोकलं, तर शेकणं वाया."

"सैतानाची विद्या!" बाबा पुटपुटला.

वेलिकाने पिशवीतून काचेची बरणी काढली. तळाशी अमोनियात भिजलेली चिंधी, वर दोन लहान घंटा. "या दोन्ही मी ठोकल्या, मीच शेकल्या. फक्त क्रम उलटा. ही टण्ण, ही खर्र. घर एक, हात एक. मग माझं पाप अर्धंच कसं?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"आता तुम्ही सांगा, बाबा. हे कुठे शिकलात?"

लाझारने त्याला मानगुटीला धरलं होतं. "पितळेच्या कारखान्यात," बाबा खाली बघत म्हणाला. "गोदामात भांडी तडकायची. म्हणून ठोकल्यावर भट्टीत घालायचो."

"मोठ्याने!"

त्याने मोठ्याने सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. मागच्या म्हाताऱ्यांना ऐकू येईपर्यंत वेलिकाने त्याला सोडलं नाही. शापित म्हणून हाकलला असता तर दुसऱ्या गावात तो संत होऊन बसला असता. आता तो फक्त एक पितळ शेकणारा माणूस उरला होता, आणि त्याच्यामागून ती बातमी घाट उतरणार होती.

गाव तिच्याकडे वळलं, जरा ओशाळून, जरा लाडीगोडीने. "मास्तरीणबाई, आम्हाला काय कळतंय हो त्यातलं?"

"रसायन कळलं नाही तरी चालेल," वेलिका म्हणाली. "पण सगळ्यांच्या घंटा एकाच वाड्यात, मग काहींच्याच का तडकल्या, एवढं विचारायला कुठली शाळा लागते? तुम्ही विचारलं नाहीत. विचारण्यापेक्षा माझ्या आईला टाकणं सोपं होतं."

तिने पिशवीत पुन्हा हात घातला आणि केरानाची तडकलेली घंटा काढली. दोनाच्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यात ती तिने स्वतःच्या हाताने बांधली.

"लाझारदादा, ही मेंढी कळपाच्या पुढे चालेल. उन्हाळाभर. आणि घंटा कोणी बदलायची नाही."

लाझारने मान डोलावली. कळप निघाला. सगळ्या सुरेल घंटांच्या पुढे ती एक खर्र खर्र करत डोंगर चढू लागली, आणि ब्रेस्तोवोची माणसं टोप्या हातात घेऊन ती ऐकत उभी राहिली.