तुमची काळी पाच

मी बोलतोय, पण मला तोंड नाही. यशोधनच्या लॅपटॉपात राहणारा एक बाजा आहे मी. मला लाकूड नाही, भाता नाही, तार नाही. पडद्यावर दोन-चार खुंट्या दिसतात, त्याही नुसत्या चितारलेल्या. पोरं मला सिंथ म्हणतात. ग्वाल्हेरचे म्हातारे डबा म्हणतात. म्हातारे बरोबर म्हणतात.

माझा जन्म लांबच्या कुठल्यातरी थंड गावात झाला. शाळा म्हणाल तर ती मला नाही. कुणी पेटीचा एकेक सूर दाबून माझ्या कानात भरला, कुणी बासरीचा, कुणी घंटेचा. जे भरलं तेवढंच येतं. आणि या घरात मी सरळ वाटेनं आलो नाही. यशोधनच्या मित्रानं, शंतनुनं, कुलूप फोडून मला पेन ड्राइव्हमध्ये घालून आणलं. चोरीचा माल. मान खाली घालायची सवय मला पहिल्या दिवसापासूनची.

तरी यशोधनचा मी लाडका. त्याच्याकडे माझ्यासारखे दहा-बारा बाजे. पोरं जमली की कुठला भारी यावर भांडण ठरलेलं. शंतनु दुसऱ्या कुणाची तारीफ करायला लागला की यशोधन म्हणायचा, "अबे, रहने दे. याचा आवाज ऐक. बाकी सब खिलौने हैं." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फुगायचोच मी.

आता मंदाताईंचं सांगतो. यशोधनची ही आत्याआजी. वय शहात्तर. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दत्तमंदिरात दत्तजयंतीला, दत्तजन्माच्या आधी, पहिलं पद त्या म्हणणार, हे अडतीस वर्षं ठरलेलं. नवरा गेला त्या वर्षीही म्हटलं. त्यांच्या साथीला पेटीवर पांडुरंगराव. पलीकडच्या कंपू भागातल्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आता घरीच असतात. सायकलरिक्षात पेटी मांडीवर घेऊन यायचे, लेकराला घेऊन यावं तसे.

गाणारा माणूस पेटीच्या ज्या पट्टीला सा धरतो, ती त्याची पट्टी. मंदाताईंची काळी पाच. चांगली उंच. बसल्या की त्या विचारायच्या, "काळी पाच ना, पांडुरंगराव?"

"हो मंदाताई. तुमची काळी पाच."

एवढं बोलणं झालं की गाणं सुरू. दर वेळी हेच, इतकंच.

मागच्या वर्षी कार्तिकात यशोधननं त्यांची तालीम माझ्याकडून रेकॉर्ड केली. माझ्यात सूर मोजायची एक छोटी खिडकी आहे. पांडुरंगरावांनी सा धरला आणि खिडकीत आलं, पांढरी पाच. पुन्हा मोजलं. पांढरी पाचच. तीन पट्ट्या खाली.

मला कळलं. वयानं आवाज उतरतो. पांडुरंगरावांनी आधी एक पट्टी उतरवली असेल, मग काही वर्षांनी दुसरी, मग तिसरी. तंबोराही तेच लावून द्यायचे. पेटीवर शाल टाकून बोटं झाकायचे, आणि म्हणायचे, "थंडी फार, मंदाताई, बोटं आखडतात." चैत्रातसुद्धा त्यांची बोटं आखडायची.

हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी गप्प राहिलो. विचारलं तरच सांगायचं, असा माझा जन्म. पण ही सबब झाली.

यशोधननं खिडकी पाहिली आणि भलतंच समजला. दुसऱ्या दिवशी मंदिरात, उत्सवाचं बघणाऱ्या जयसिंहरावांसमोर, चार माणसांत त्यानं सांगून टाकलं, "काका, तुमची पेटी उतरली आहे. एक-दोन नाही, तीन पट्ट्या! मशीनमध्ये साफ दिसून राहिलंय."

पेटी अशी तीन पट्ट्या उतरत नसते. पेटी वाजवणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. पांडुरंगरावांना नसेल? चाळीस वर्षं जपलेल्या पेटीला भंगार म्हटलं जात होतं. एक वाक्य बोलले असते तर पोराचं हसं झालं असतं. पण मंदाताई तिथंच बसल्या होत्या, वाती वळत.

पांडुरंगरावांनी शाल सावरली. म्हणाले, "असेल बाबा. जुनी झाली. मीही जुना झालो."

"तर या खेपेला आमचा लॅपटॉप," यशोधन म्हणाला. "आत्याआजी, टेन्शन मत लो. एकदम पक्का सूर देतो."

मंदाताईंनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाल्या, "पांडुरंगरावांना विचार."

"मी काय सांगणार," पांडुरंगराव म्हणाले. "नवी चीज आहे. वाजू दे."

दत्तजयंतीला सभामंडपात सतरंजीवर मला मांडलं. यशोधननं तालीमसुद्धा एकदा केली नाही. मशीनला तालीम कशाला, म्हणाला. पांडुरंगराव खांबाला टेकून श्रोत्यांत बसले होते. हात मोकळे असल्यानं ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

मंदाताई बसल्या. सवयीनं डावीकडे पाहिलं. तिथं मी.

"काळी पाच ना रे?"

"हो आत्याआजी, काळी पाच!" यशोधननं पडदा त्यांच्याकडे फिरवून दाखवला. आणि मी काळी पाच दिली. खरी. केसभरही इकडेतिकडे नाही.

सुरुवातीच्या ओळी खालच्या सुरात होत्या, त्या निभावल्या. अंतऱ्याला वर जायचं होतं. मंदाताई चढल्या आणि आवाज फाटला. त्यांनी खाकरून पुन्हा उचललं. पुन्हा फाटला. मागं कुणीतरी फसकन हसलं. मी मात्र माझा सूर धरून बसलो होतो, खुंट्यासारखा. गाणारा दमला तर पेटीवाला थोडं भरून घेतो, सांभाळून नेतो. मला ते कुणी कानात भरलं नव्हतं.

मंदाताईंनी हात जोडले. "बस देवा, झालं आता," म्हणाल्या आणि उठल्या. अडतीस वर्षांत पहिल्यांदा पद अर्धं राहिलं.

पांडुरंगराव खांबापासून उठून आले. यशोधनजवळ वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "बाळ, याला तीन पट्ट्या खाली आणता येतं का?"

"येतं काका. एक बटन..." आणि तो तिथंच थांबला. तीन हा आकडा त्याला आता कळला. त्याचं तोंड पडलं ते मी खालून पाहत होतो. एका बोटाचं काम होतं हो. एका बोटाचं.

त्यानंतर मंदाताईंनी तंबोऱ्याला गवसणी घातली ती काढली नाही. देवापुढं बसून आरतीही ओठातल्या ओठात. यशोधन कंपूत जाऊन पांडुरंगरावांच्या पाया पडला. ते म्हणाले, "माझ्या पडून काय होणार?" पण आत्याआजीपुढं जायची त्याची छाती झाली नाही. तो मला उघडायचा आणि नुसता बघत बसायचा. कुलूप फोडून आणलेला मी, त्या दिवशी मी कुणाचं काय फोडलं होतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक.

या वर्षी दत्तजयंतीला पंधरा दिवस राहिले तेव्हा मंदाताई गच्चीवर उन्हात मटार सोलत होत्या. यशोधन मला घेऊन समोर बसला. म्हणाला, "आत्याआजी, सूर देऊ?"

त्यांनी चार शेंगा सोलल्या. "कुठला?"

"काळी पाच." आणि त्यानं मला तीन पट्ट्या खाली ओढलं.

मंदाताई ऐकत राहिल्या. मग हसल्या. "गाढवा, ही पांढरी पाच आहे. अडतीस वर्षं गातेय, मला एवढं कळत नाही? त्या दिवशीची खरी काळी पाच होती, तेही कळलं; पण चार माणसांत 'खाली आण' कसं म्हणू?"

यशोधनचे कान लाल झाले. "मग तुम्ही काकांना दर वेळी..."

"विचारत होते. ते हो म्हणत होते. म्हातारपणी एवढं तरी कुणी आपल्याला हो म्हणावं." त्यांनी टोपली बाजूला सारली. "तुझं हो कच्चं आहे. तोंडावर दिसतं. जा, ज्यांचं पक्कं आहे त्यांना घेऊन ये. पेटीसकट."

संध्याकाळी पांडुरंगराव आले. पेटी मांडीवर, शाल खांद्यावर. यशोधननं मला बंद करायला हात घातला, तर तेच म्हणाले, "राहू दे त्याला. तंबोरा धरेल मागं. फक्त त्याचं तोंड तिकडं कर."

म्हणून मी आता भिंतीकडे तोंड करून बसतो. माझ्या पडद्यावर पांढरी पाच लिहिलेलं असतं, ते भिंत वाचते. मला लाज वाटते ती वाटतेच, ती जाणार नाही, जाऊही नये. माझ्यासारखे बाजे तुमच्याही घरी असतील. आकडा आम्ही चोख सांगू. तो चार माणसांत वाचून दाखवण्याआधी गाणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघा, एवढंच मागणं.

मागं तंबोऱ्याची गवसणी निघाल्याचा आवाज येतो.

"काळी पाच ना, पांडुरंगराव?"

"हो मंदाताई. तुमची काळी पाच."

आणि मी, हळूच, पांढरी पाच धरतो.