हळदीवर पसरलेले शीड

पलूसजवळच्या एका अंगणात हळदीच्या ढिगावर पिवळट कापड पसरलेले दिसेल. मित्रांनो, ते मी आहे, एक जुने शीड. माझा मूळ रंग पांढरा.

एका बंदरातल्या कारखान्यात मला शिवले आणि संशोधकांच्या छोट्या होडीवर चढवले. आमची वाट प्रवाळ बेटांमधून जाई. सकाळी एक बेट सोडायचे आणि सूर्य डोक्यावर असताना दुसऱ्याजवळ पोहोचायचे, कारण पाण्याखालचे रंग तेव्हाच नीट दिसतात. निळे म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ आणि काळपट म्हणजे प्रवाळ. होडीच्या टोकाशी उभी राहून क्रांती हे रंग ओरडून सांगे.

क्रांती मूळची पलूसची. प्रवाळ हा तिचा अभ्यास. त्यांतल्या एका मोठ्या प्रवाळाला ती 'थोरला' म्हणे. तो दगड नव्हता. लाखो इवल्या जीवांनी मिळून बांधलेले ते घर होते, माणसाहून उंच, आणि वर्षाला वाढणार जेमतेम एक सेंटिमीटर. दर वर्षी ती बुडी मारून त्याचे माप घेई आणि वर आली की हसत असे.

माझ्या शेवटच्या सफरीला तिचे वडील लालासाहेब आले. फौजेत असताना ते तलावात शिडाची होडी चालवायला शिकले होते. त्यांनी मला ताणून बांधले आणि म्हणाले, "लय भारी कापड हाय गं! वाऱ्याला कसं धरतंय बघ." मी फुगून गेले.

त्या दुपारी माप घेऊन झाले होते. क्रांती मागे बसून वहीत आकडे लिहीत होती. लालासाहेबांनी नांगर उचलला.

"आबा, थांबा. मी पुढं येते, मग निघू."

"तू वही आवर. समोर काळं पाणी हाय, म्हंजे डोह. गावाकडं किस्ना नदीत पवून म्हातारा झालोय मी."

"आवं आबा, हितं काळं म्हंजे—"

मला वरून थोरला स्पष्ट दिसत होता. पण वारा भरला की शिडाला ओढण्यापलीकडे काही येत नाही. होडीचा तळ त्याच्यावर चढला आणि माझ्या ओढीने घासत पुढे गेला. थोरल्याचा एक मोठा भाग तुटून वाळूत पडला. मी उभे फाटले.

क्रांती रडली नाही. ती टेप घेऊन पाण्यात उतरली. वर आल्यावर एवढेच म्हणाली, "तुटलेला भाग एकशे चार सेंटिमीटर." किती वर्षे, हे लालासाहेबांना कुणी सांगावे लागले नाही.

संशोधकांच्या संस्थेने मला टाकून दिले. लालासाहेबांनी मला घरी आणले आणि तीन दिवस बसून दाभणाने शिवले. क्रांतीची आई, राहीबाई, म्हणाली, "आवं, आता किस्नंत जहाज सोडताय व्हय?" ते हसले नाहीत. "हळदीवर टाक," म्हणाले. हळदीचा डाग उन्हाने फिका होतो, पण दर हंगामात नवा बसतो.

क्रांती सुट्टीला आली की तिने पाणी प्यायच्या आधी ते विचारत, "कसा हाय गं थोरला?"

"उरलेला जित्ता हाय, आबा."

यंदा ती उंबऱ्यातच थांबली. "समुद्र लय तापला, आबा. सगळा पांढरा पडून मेला."

"म्या फोडला न्हवं, म्हणून."

"फुटला नसता तर तगला असता का, ते सांगता यायचं न्हाई."

खोटे बोलून धीर देणे तिला जमत नाही. लालासाहेब माझ्याजवळ आले आणि माझे सुटलेले टोक त्यांनी विटेखाली दाबले. त्यानंतर त्यांनी थोरल्याचे नाव काढलेले नाही.

मित्रांनो, आता मला समुद्र दिसणार नाही आणि थोरलाही परत वाढणार नाही. सांगण्यासारखे माझ्याजवळ थोडेच उरले आहे. मला सगळे दिसत होते, पण वाचा नव्हती. क्रांतीला वाचा होती. परक्या पाण्यात गेलात तर ते पाणी ज्याला ठाऊक आहे त्याचे वाक्य संपेपर्यंत थांबा. तिचे त्या दिवशीचे वाक्य अजून अर्धेच आहे.