पेट्रोलच्या काट्याची एकच थाप

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. केरबा फौजींच्या मोटारीत पेट्रोल किती उरलं, ते दाखवणारा. कारखान्यात मला लाल रंग फासला, तेव्हापासून मला स्वस्थता ठाऊक नाही. सतत वर नाहीतर खाली. एकदा जतच्या माळावर आमच्या गाडीनं नुसत्या पेट्रोलच्या वासावर सात मैल काढले. हसू नका, मी तिथं होतो!

पूर्वी मेढ्याहून साताऱ्याला केरबा, शंभूराज मास्तर आणि नर्स मंगल तीन वेगळ्या गाड्यांनी जात. मग तिघं आमच्या एकाच गाडीत बसू लागले. तीन टाक्यांचं काम एका टाकीत भागू लागलं. मंगलनं तर स्कूटी विकूनच टाकली. तिघं मिळून पेट्रोल भरत, म्हणून मी आठवडाभर वरच राहायचो. केरबा काचेवर टिचकी मारायचे, "शाब्बास रं गड्या!"

पण केरबांचं सात म्हणजे सात. मंगल मात्र म्हशीपायी रोज अगदी शेवटच्या क्षणी पोचायची.

परवा तिची बढतीची परीक्षा होती, वयामुळे शेवटचीच. पंपासमोरच्या थांब्यावर सात वाजले, तरी ती आली नाही.

"दोन मिनिटं थांबा की," मास्तर म्हणाले.

"दोन मिनिटांत लढाई संपती, मास्तर!" केरबांनी गाडी सोडली.

मागची रिकामी जागा पाहून मला राहवेना. पुढची एसटी परीक्षा सुरू झाल्यावर पोचणार. जन्मात खोटं दाखवलं नव्हतं. गावाबाहेरच्या वळणावर मी वरून थेट तळाला उडी टाकली.

"आयला! कालच भरलं व्हतं की!" केरबांनी गाडी पंपाकडे वळवली.

पंपवाला म्हणाला, "आवं फौजी, टाकी तर काठोकाठ हाय!"

समोर मंगल घामाघूम उभी. "म्हस सुटली व्हती. वाटलं, मला सोडून गेलासा."

"सोडून कसं जाईन? पेट्रोल बघाया आलतो. बस लवकर!"

मास्तर खिडकीकडे तोंड करून हसले. मंगल वेळेत पोचली.

तेव्हापासून केरबांचा माझ्यावर विश्वास नाही. गाडी हलवून टाकीचा आवाज ऐकतात. रविवारी नवा काटा बसवणार आहेत. बसवू देत. मित्रांनो, तुम्ही मात्र गाडी सोडण्याआधी मागची जागा बघा. कुणी यायचं असेल, तर थोडं थांबा.

आत्ता सात वाजून चार मिनिटं झालीत. केरबा स्टिअरिंगवर बोटं आपटतायत, पण गाडी सोडत नाहीत. ती बघा, मंगल पळत येतेय, ओढणीला वैरण चिकटलेली. टाकीत जेवढं पेट्रोल आहे, तेवढाच मी वर उभा आहे, आणि हे अगदी खरं दाखवतोय.